मूल लिहायला शिकतं तेव्हा: फाटकात विचारले जाणारे प्रश्न

मूल सोडायला किंवा न्यायला आलेले आई-बाबा आणि आजी-आजोबा बालवाडीच्या फाटकात उभ्याउभ्या जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बालवाडीत आणि पहिलीच्या वर्गात मिळून वीसेक वर्षं काढल्यावर काही बाबतींत माझी मतं पक्की झाली आहेत. ती लपवलेली नाहीत.

ताई, लिहायला कोणत्या वयात शिकवायचं?

अक्षरं काढायला पाच-साडेपाचच्या आधी घाई नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच 'पायाभूत स्तर' धरला. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हे सलग काम आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानातही मुलाला समजून वाचता-लिहिता यावं, यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा वेळ धरलेला आहे. सरकारला तिसरीपर्यंत धीर आहे, आपल्याला मात्र छोट्या गटाच्या दिवाळीपर्यंतही निघत नाही.

वयापेक्षा हाताकडे बघा. बघून उभी रेघ काढणं साधारण दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर जमतं, गोल तीनच्या आसपास, अधिकचं चिन्ह चारच्या सुमारास, चौकोन साडेचारला आणि त्रिकोण पाचच्या पुढे. तिरकी रेघ सगळ्यांत उशिरा येते. आता 'स' कसा काढतो ते आठवा: वळण, तिरकी रेघ, आडवी दांडी, काना. ज्या मुलाला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही त्याच्याकडून 'स' काढून घ्यायचा म्हणजे रोज संध्याकाळी रडारड, आणि ती दोन्ही बाजूंनी.

मनगटात आठ बारकी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि एकेक करून हाडाची होत जातात, अगदी दहा-बारा वर्षांपर्यंत. लवकर लिहिल्याने मनगट मोडत नाही, पण हात अजून घडतो आहे एवढं तरी लक्षात राहतं.

मग तोवर घरी काय करून घ्यायचं?

स्वयंपाकघरात बसवा. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कणकेच्या गोळ्या वळणं, लिंबू पिळणं, सुईत दोरा ओवून झेंडूची माळ करणं. यातलं प्रत्येक काम बोटांत ताकद आणतं, आणि वर घरातलं एक काम होतं.

माझी सगळ्यांत आवडती गोष्ट रांगोळी. रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट धरायची, मधलं बोट खालून आधाराला, आणि बारीक धार एकसारखी सोडत हात पुढे न्यायचा. पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. ठिपके मांडून ते जोडताना डोळा आणि हात एकत्र काम करायला शिकतात, ओळ सरळ ठेवायला शिकतात. रोज दारात चार ओळींची ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला पेन्सिल कशी धरायची ते मला कधी शिकवावं लागलं नाही. मुलग्यांनाही बसवा, रांगोळी त्यांच्याही बोटांतून पडते.

लादीवर ओल्या ब्रशने रेघा ओढणं, भिंतीवरच्या फळ्यावर उभं राहून खडूने गोल काढणं हेही उत्तम. उभ्या फळ्यावर काढताना मनगट आपोआप मागे झुकतं आणि खांदाही वापरला जातो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं असा ताबा येत जातो. आपण सुरुवातच बोटांपासून करतो.

पेन्सिल मुठीत धरतो. सवय लागेल ना?

तीन वर्षांचा असेल तर मुठीतच धरणार. साडेतीन-चारला तीन बोटं येऊ लागतात पण हलतो अख्खा हात, आणि पाच-सहाच्या सुमारास फक्त बोटं हलायला लागतात. ओरडून हे आधी येत नाही.

पाच उलटून गेल्यावरही मूठच असेल तर एक साधी युक्ती: पेन्सिल तोडून दोन इंचांची करा. किंवा खडूचा तुकडा द्या. एवढ्याशा तुकड्यावर मूठ मावतच नाही, तीन बोटंच बसतात. महागडी रबरी पकड विकत घेण्याआधी हे करून बघा. चार बोटांनी धरत असेल, हात दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पाटी घ्यावी की थेट वही?

पाटी. चुकलं की पुसता येतं, आणि पुसल्यावर चूक शिल्लक राहत नाही. वहीत खोडलेलं आयुष्यभर दिसत राहतं. शिवाय दगडी पाटीवर पेन्सिल थोडी अडते, त्या खरखरीमुळे मुलाला आपला हात कुठे चाललाय ते जाणवतं. गुळगुळीत पांढऱ्या फळ्यावर मार्कर घसरतो, तिथे हे होत नाही. टॅबलेटच्या काचेवर तर बोटाला काहीच लागत नाही.

जुने लोक हे ओळखून होते. पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने किंवा काडीने अक्षरं काढत, म्हणून ती धुळाक्षरं. माँटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू केलं आणि पुढे खरकागदाची अक्षरं कापून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला लावलं, तत्त्व तेच. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालशिक्षण नेलं तेव्हा महागडी साधनं परवडणार नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. तुमच्याकडे ताटलीभर रवा असेल तर आजच सुरू करता येईल. रव्यात अक्षर काढायचं, ताटली हलवायची, अक्षर गायब.

दसऱ्याला पाटीपूजन केलं. आता 'श्री' गिरवून घेऊ का?

पूजा करा, पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढा, मुलाला कुंकू लावू द्या. पण 'श्री'वर अडून बसू नका. पूर्वी पाटीवर पहिलं लिहायचं ते 'श्रीगणेशाय नमः', म्हणून कुठल्याही कामाच्या सुरुवातीला आपण 'श्रीगणेशा' म्हणतो. आकाराच्या हिशेबात मात्र 'श्री' हे पहिलं सोडा, पन्नासावं अक्षर म्हणूनही अवघड आहे. त्या दिवशी मुलाचा हात धरून एकदा काढायचं, पेढा द्यायचा, विषय संपला.

आधी अ आ इ ई की क ख ग?

दोन्ही नाही. वर्णमालेचा क्रम उच्चारांसाठी आहे: क-वर्ग कंठातून, प-वर्ग ओठांतून. तोंडाने म्हणायला तो सुरेख आहे. हाताला त्या क्रमाचा काही उपयोग नाही, कारण 'क' नंतर 'ख' काढताना आधीचं काहीच कामाला येत नाही, आणि 'अ' तर एकटाच चार अक्षरांचा त्रास देतो.

हाताचा क्रम आपल्या भाषेनेच सांगून ठेवलाय: 'गमभन'. एखाद्याला त्या विषयातलं गमभनही येत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा ही चार अक्षरं उगाच एकत्र आलेली नाहीत. चारही कान्याची, चारही थोड्या फरकाने एकमेकांतून निघणारी. त्यांतून लगेच शब्दही होतात: नग, मग, मन, गगन, मगन. पुढे 'व ब क' (गोल, त्यात रेघ, मग शेपूट), 'प ष फ', 'र स', 'ट ठ ढ', 'घ ध' असे घराण्यांचे गट घ्यायचे. 'घ' आणि 'ध' मात्र एकाच आठवड्यात नको. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं. 'भ' आणि 'म' यांच्याबाबतीतही हीच काळजी घ्या. 'ङ' आणि 'ञ' यांची चिंता तर अजिबात नको, पाच वर्षांच्या मुलाच्या एकाही शब्दात ती येत नाहीत.

या सगळ्याच्या आधी एक अपवाद: मुलाचं स्वतःचं नाव. त्यात 'क्ष' असो की 'ज्ञ', ते त्याला आधी हवं असतं आणि ते चित्रासारखं उचलतं. ज्ञानदा नावाच्या मुलीला 'ग' शिकेपर्यंत थांब म्हणून बघा.

पण घरातल्या तक्त्यावर वेगळी अक्षरं आहेत. 'ल' आणि 'श' दोन प्रकारचे दिसतात.

मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'. शासनाच्या प्रमाण वर्णमालेत हेच आहेत. मोबाइलच्या अनेक फॉन्टमध्ये आणि बाहेर छापलेल्या तक्त्यांवर हिंदी वळणाची दंडाची अक्षरं दिसतात. वाचताना दोन्ही ओळखू येऊ देत, हाताला एकच वळण लावा. आणि तक्ता जुना असेल तर त्यात 'ॲ', 'ऑ' नसतील. २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत आले, म्हणून आता बाराखडीची चौदाखडी म्हणतात. बॅट आणि बॉल लिहायला मुलाला ते लागतातच.

ठिपके जोडून गिरवायची पुस्तकं चांगली की वाईट?

अक्षर कुठून सुरू करायचं हे बाण दाखवत असतील तर दोन-तीनदा गिरवायला हरकत नाही. त्यापुढे मूल अक्षर काढत नाही, ठिपके जोडतं. काही मुलं 'ग'चा काना खालून वर नेतात, पानावर ते बरोबरच दिसतं, आणि ते वळण हातात बसलं की सोडवताना माझा जीव जातो. कित्ता एकदा गिरवायचा, मग तो झाकून शेजारी स्वतः काढायचं. झाकणं महत्त्वाचं.

इंग्रजी माध्यम आहे. मराठी आणि इंग्रजी अक्षरं एकदम चालतील का?

हा प्रश्न हल्ली सगळ्यांत जास्त येतो, आणि यातली खरी अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मराठी अक्षर वरच्या रेघेला *लटकतं*. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर *बसतं*. दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि कट्ट्यावर बसलेली माणसं, एवढा फरक आहे. चौरेघी वहीत इंग्रजी शिकलेलं मूल मराठीतही तळाची रेघ धरतं, मग त्याची अक्षरं वर लहानमोठी होतात आणि शिरोरेघ डोंगरासारखी वरखाली जाते. आपण म्हणतो, 'याचं मराठी अक्षर वाईट आहे.' ते वाईट नसतं, खाली बसलेलं असतं.

उपाय: वह्या वेगळ्या. मराठीला दुरेघी वही घ्या, तिच्यातली वरची रेघ रंगीत पेन्सिलने ठळक करा, आणि 'हे अक्षर या दोरीला अडकवायचं' असं सांगा. दोन्हींत चार-सहा महिन्यांचं अंतर राहिलं तर बरं. शाळेच्या वेळापत्रकामुळे ते जमत नसेल तर निदान एका बैठकीत दोन्ही लिप्या नकोत.

आकड्यांचा आणखी एक घोळ असतो: आपला '१' आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात. गणितात अचानक आठने उत्तर चुकायला लागलं तर तिथे बघा.

मराठी पुढे ढकलून चालेल असं समजू नका. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, माध्यम कोणतंही असो.

उलटी अक्षरं काढते. काही दोष तर नाही?

सहा-साडेसहापर्यंत अजिबात घाबरू नका. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. बादली आडवी पडली तरी बादलीच. जन्मल्यापासून मूल हेच शिकत आलेलं असतं: वस्तू कशीही फिरवा, नाव बदलत नाही. अक्षर ही पहिली अशी गोष्ट, जी फिरवली की बदलते. '३' फिरवला की थेट '६' होतो. इतका विचित्र नियम अंगवळणी पडायला वेळ लागणारच. 'चुकलं' म्हणण्याऐवजी '३चं पोट कुठे बघतं?' असं विचारा. आमच्या वर्गात तीन आणि सहा एकमेकांशी कट्टी आहेत, एकाने इकडे तोंड केलं की दुसरा तिकडे करतो. मुलांना ते पटतं.

'पंचवीस' सांगितलं की ५२ लिहितो.

तो बरोबर ऐकतोय. 'पंच' आधी ऐकू येतं, 'वीस' नंतर. मराठी संख्यानामात एकक आधी येतं आणि लिहिताना दशक आधी, हा पेच त्याचा नाही, भाषेचा आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच', 'तीस दोन' असं वाचनही दिलं होतं आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. टिंगल पुष्कळ झाली, पण दुखणं खरं होतं. तुम्ही घरी दहादहा काड्यांचे जुडगे बांधा. पंचवीस म्हणजे दोन जुडगे आणि पाच सुट्या काड्या. आधी जुडग्यांचा आकडा लिहायचा, मग सुट्यांचा.

डावखुरा आहे. आजी म्हणते आत्ताच बदला.

बदलायचं नाही. साधारण दहातलं एक मूल डावखुरं असतं. जेवायचा हात कोणता हा आजीचा आणि नातवाचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पेन्सिलीचा हात मात्र त्याचा त्याला ठरवू द्या.

त्याला मदत अशी लागते. कागद अंगाच्या मध्यापासून थोडा डावीकडे, आणि वरची कड उजवीकडे कललेली. पेन्सिल टोकापासून दीड इंच वर धरायची, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि हाताने पुसलं जात नाही. उजेड उजवीकडून. वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर दिवसभर शेजाऱ्याशी कोपराची मारामारी. शिरोरेघ तो उजवीकडून डावीकडे ओढेल. ओढू दे, छापल्यावर कुणाला कळणार आहे?

शिरोरेघ आधी की नंतर?

नंतर, आणि पूर्ण शब्दाला एकच. सुरुवातीचे काही महिने नसली तरी चालेल. एकेका अक्षराला टोपी घातली की शब्द तुटतो.

शाळा रोज 'अ'ची दोन पानं देते. मूल कंटाळतं.

मोठ्या माणसालाही कंटाळा येईल. चाळीस 'अ' पाहिलेत तर पहिले चार बरे असतात आणि तिथून पुढे प्रत्येक 'अ' आधीच्यापेक्षा वाईट. म्हणजे चार वेळा चांगलं आणि छत्तीस वेळा वाईट अक्षर काढायचा सराव झाला. एका बैठकीला दहा मिनिटं पुरे. पाच 'अ' काढायला सांगा, त्यांतला सगळ्यांत छान कोणता ते मुलाला निवडू द्या, त्याभोवती त्यानेच गोल करू दे. बाईंना वहीत दोन ओळी लिहा की एवढंच झालं, बाकी हात दुखला. बहुतेक बाई ऐकतात. त्यांच्यावरही 'वह्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत' असा दबाव असतो, आणि तो बऱ्याचदा आपल्यासारख्याच पालकांकडून येतो.

पालकाने डाव्या हाताने मुलासारखं अक्षर काढून ती पानं भरणं हाही प्रकार मी पाहिलाय. आम्हाला कळतं हो.

स्वतःच्या मनाने लिहिते पण सगळं अशुद्ध. दुरुस्त करायचं का?

सहा वर्षांच्या एका मुलीने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती: 'आजि लाडु दे'. बाबा लाल पेन घेऊन निघाले होते, आजीने हात धरला.

या तीन शब्दांत किती गोष्टी जमल्यात बघा. बोललेलं कागदावर ठेवता येतं, समोर नसलेल्या माणसाला सांगता येतं, आणि त्यातून लाडू मिळू शकतो हे तिला कळलंय. वळण, शिरोरेघ, वेलांटी हे सगळं ज्यासाठी करायचं ते तिच्या हाती आधीच आलंय. मराठीत शब्दाच्या शेवटी वेलांटी आणि उकार दीर्घ येतात, 'आजी', 'लाडू', हा नियम ती दुसरी-तिसरीत शिकेल आणि त्यातही 'आणि'चा अपवाद तिला छळेल. आत्ता त्याच कागदाखाली उत्तर लिहा: 'आजीने लाडू दिला.' ती बघते. दोन-चार चिठ्ठ्यांनंतर कधीतरी स्वतःच विचारते, 'तुझी वेलांटी तिकडून का?'

वाणसामानाची यादी लिहायला द्या, डब्यांवर 'साखर', 'डाळ', 'पोहे' अशा चिठ्ठ्या चिकटवायला सांगा. मिठाच्या डब्यावर 'मिठ' राहिलं तरी आमटी खारटच होणार.

'पुस्तक'चं 'पुतक' लिहितो. जोडाक्षरं कधी?

दुसरीत. कान्याची अक्षरं काना टाकून अर्धी होतात, 'ट' 'ड' 'द' यांचा पाय मोडतो, आणि 'र' तर 'सूर्य', 'क्रम', 'राष्ट्र', 'दऱ्या' अशी चार सोंगं घेतो. घरी नियम शिकवू नका, टाळी वाजवत शब्द फोडा: पुस्-तक. गाळलेला 'स' ऐकू आला की तो लिहिला जातो.

तज्ज्ञांकडे कधी जायचं?

आधी डोळे तपासा. फळ्यावरचं उतरवताना चुकणारी मुलं अनेकदा फक्त चष्म्याची असतात. लिहिताना हात दुखतो, कागद फाटेल इतका दाब देतो, चेंडू झेलणं आणि बटणं लावणंही जमत नाही, असं असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना (हाताच्या हालचाली आणि रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्यांना) दाखवा, त्यासाठी वयाची वाट बघू नका. तोंडी सगळं फडाफडा सांगतं पण दुसरी संपली तरी दोन वाक्यं लिहवत नाहीत, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतंय का याची, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलती मागता येतात. मुलाला 'आळशी' हे नाव मात्र त्याआधी चिकटवू नका, ते चाचणीत निघत नाही आणि पुढे निघता निघत नाही.

आम्ही परदेशात असतो. बोलते छान, लिहायला कोण शिकवणार?

अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा गावोगावी आहेत, आठवड्यातून एकदा भरतात. बाकी सगळीकडे आजी-आजोबांना कामाला लावा. व्हिडिओ कॉलवर नाही, टपालाने. पत्र तिच्या नावाने यायला हवं, आणि त्यात एक प्रश्न हवा ज्याचं उत्तर तिलाच माहीत आहे.

पाटीवरची पेन्सिल खाते हो. काय करू?

रोज खात असेल तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा. लोह कमी असलेली मुलं पुष्कळदा माती, खडू, पेन्सिल खातात. रक्त तपासलं की कळतं. तोवर रव्याच्या ताटलीत लिहू दे, तो खाल्ला तरी चालतो.